चिठ्ठीत निघालेली बाजू

मी कारखान्यात नवी इंजिनिअर; शॉपफ्लोअरवर माझ्या बाबांच्या वयाचे कामगार सेल्वम मला ‘मॅडम’ म्हणतात. त्यांच्या गणवेशाला ऑइलचा वास येतो, बाबांच्या गणवेशाला यायचा तसाच.

मी आठवीत होते. वर्गातल्या वादविवादाचा विषय होता, ‘नोकरीला पदवी हवीच का?’ बाजू ऐनवेळी चिठ्ठी काढून ठरणार होती, म्हणून धास्तीने मी दोन्हींची तयारी करत होते. ओरगडमच्या कारखान्यात डिप्लोमावर लागलेले बाबा तेवढ्यात घरी आले. पदवी नको, याचे मुद्दे त्यांनी भराभर सांगितले.

“आणि हवीच, याचे?”

ते बुटाची नाडी सोडत राहिले. “काल लागलेल्या पोराला मी ‘सर’ म्हणतो. एवढंच.”

वर्गात मी चिठ्ठी उघडली. ‘पदवी हवीच.’

बाबांचं तेवढं एक वाक्य सोडून मी सगळं बोलले.