चिठ्ठीवर आडनाव नाही

ये गं, इकडे ये, अशी जवळ बस. लांबून मला नीट रागावता येत नाही. समोर असतीस तर असंच म्हटलं असतं. नाहीस, म्हणून लिहिते आहे. ॲन आर्बरहून ट्रॉयला यायला गाडीनं तास लागतो, आणि तू ऑक्टोबरात दीक्षेच्या दिवशी जेवून गेलीस ती गेलीसच. थंडी आहे, लॅब आहे, प्रोफेसर सोडत नाही, सगळं मान्य. पण परवाचा तो मेसेज? "मावशी, देऊन टाका ना त्यांना आडनाव. कशाला भांडताय." आणि खाली जोडलेले हात चिकटवलेस. असलं बोलणं मेसेजवर उरकायचं असतं का? मी फोन पालथा घालून ओट्यावर ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. करपल्या त्या वेगळ्याच.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुला अर्धं माहीत आहे, पण हे आणखी कुणी वाचलं तर त्यालाही कळू दे. नाव मी कुणाचं घालत नाही. थोडक्यात सांगणं मला जमत नाही, ते तुला ठाऊकच आहे.

मी नागपूरला टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड. माणूस गावाचं नाव आणि नंबर सांगायचा, आम्ही लाइन जोडायचो, "बोला" म्हणायचो आणि बाजूला व्हायचो. काही साहेबलोक लाइन लागायच्या आधी गप्पा मारायचे. "बाई, आवाज गोड आहे, आडनाव काय तुमचं?" आमची सुपरवायझर मागून म्हणायची, "नंबर सांग आपला." प्रत्येक ऑपरेटरला एक नंबर असायचा. तक्रार करायची तर त्या नंबरावर करा, कौतुक करायचं तर त्याच नंबरावर. आडनावाचं तिथं काही काम नव्हतं. मला ते फार आवडायचं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

इथं अमेरिकेत आल्यावर आमचे हे गाड्यांच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या कामाला लागले आणि मी लायब्ररीला. म्हणजे नोकरीला नाही, नुसती जाऊन बसायची. तिथं म्हाताऱ्या माणसांसाठी कॉम्प्युटरचा फुकट क्लास होता. तो संपला तरी मी उठले नाही. हे गेल्यावर तर जास्तच. वेबसाइट कशी बनते, सर्व्हर म्हणजे काय, चुकायचं, शोधायचं, परत चुकायचं. सर्टिफिकेट एक नाही. हर्नडनहून मुलगा फोन करायचा, "आई, व्हाय डोन्ट यू जस्ट वॉच सीरियल्स?" आता त्याच्या ऑफिसात काही अडलं की हळूच मला विचारतो.

तर, इथल्या मराठी मंडळाच्या चार साइट्स होत्या. कार्यक्रमांची तिकिटं, मुलांची रविवारची शाळा, पुस्तकांची देवघेव आणि 'पाहुणचार'. पाहुणचार म्हणजे, महाराष्ट्रातून शिकायला येणाऱ्या पोरांना भाड्याची खोली ताब्यात मिळेपर्यंत कुणीतरी घरी ठेवून घ्यायचं. चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. चारही साइट्स चार जणांनी चार वेळेला बनवलेल्या, प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा. मला बोलावलं ते "पासवर्ड विसरलो"चे फोन थांबवायला.

मी आतलं उघडून बघितलं आणि किळस आली. सगळ्यांचे पासवर्ड जसेच्या तसे वाचता येत होते. कुणी मुलाचं नाव आणि जन्मसाल, कुणी बायकोचं माहेरचं नाव. हेच पासवर्ड लोक बँकेला वापरतात, गं. दुसऱ्याच्या न धुतलेल्या चादरीत हात जावा तसं झालं मला. शाळेच्या साइटवर लॉगआउटचं बटण दाबलं की नुसतं पहिलं पान दिसायचं, आत सगळं उघडंच राहायचं. जुने सेक्रेटरी केव्हाच टेक्सासला गेले होते, आणि त्यांना तिथून अजून दिसत होतं की इथल्या कुठल्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मी अध्यक्षांना सांगितलं तर म्हणाले, "असू द्या हो ताई, आपलीच माणसं आहेत."

मग मी त्या चौघींच्या पुढे एकच दार बांधलं. तुमच्या भाषेत प्रॉक्सी. कुणालाही कुठंही जायचं असो, आधी या दाराशी यायचं आणि ओळख पटवायची. पटली की दार तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देतं. बिल्ल्यावर नुसती अक्षरं-आकड्यांची खिचडी. तो कुणाचा, हे फक्त दाराला माहीत. बराच वेळ हात लावला नाही की बिल्ला बाद. लॉगआउट म्हटलं की खरोखर बाद, मग तुम्ही टेक्सासला असा की चंद्रावर. आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला दार एक छोटी चिठ्ठी लावतं, हा अमुक माणूस, आत घ्या. कुणी बाहेरूनच स्वतः चिठ्ठी लिहून आला, तर ती आधी फाडायची आणि आपली लावायची. आतल्या साइटनं दाराच्या चिठ्ठीशिवाय कुणावर विश्वास ठेवायचा नाही. सांगायला सोपं आहे. बांधायला मला सगळा हिवाळा लागला.

चालू झालं आणि फोन सुरू.

"ताई, मला ते मशीन विचारतंय, मी कोण."

"मग सांगा की, काका."

"मी मंडळाच्या पहिल्या गणपतीपासून आहे. मला ओळख द्यायला लावता?"

"सगळ्यांनाच विचारतं ते."

"सगळ्यांना विचारा ना. मला कशाला?"

तेव्हा हसले मी. एकानं तर महिनाभर बोलणं टाकलं. आपण कोण हे कुणी विचारलं की एवढं लागतं माणसाला, हे मी तेव्हा लक्षात ठेवायला हवं होतं.

चिठ्ठीवर काय लिहायचं, हे मी एकेका साइटसाठी ठरवलं. ज्याला जेवढं लागतं तेवढंच. तिकिटांना पूर्ण नाव लागतं, पुस्तकांना फोन लागतो. पाहुणचारला काय लागतं? मुलाचं पहिलं नाव, कुठली युनिव्हर्सिटी, कधी उतरणार, काय खातो, घरात कुत्रा असला तर चालतो का. प्रवेश खरा आहे की नाही हे दार युनिव्हर्सिटीच्या ईमेलवरून आधीच तपासतं, तेव्हा भामटा येण्याची भीती नाही. आडनाव लागत नव्हतं. मी काढलं. सहज नाही काढलं, बघून-समजून काढलं.

तू जूनमध्ये जुन्या साइटवर नाव घातलं होतंस. एकानंही उत्तर दिलं नाही. तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं? "मला वाटलं सगळे सुट्टीवर गेले असतील." जुलैत पाहुणचारलाही माझं दार लागलं, तू परत नाव घातलंस आणि त्याच दुपारी हो आलं. खजिनदारांच्या घरून, वहिनींनीच कळवलं. तीच युनिव्हर्सिटी, तीच तारीख, तीच तू.

ऑगस्टमध्ये उतरलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना वहिनींनी विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" तू सांगितलंस. "नागपूरची ना? बरं, बरं." रात्री सगळ्यांना स्टीलची ताटं आणि तुला कागदी प्लेट. "डिशवॉशर बिघडलाय गं." आणि तू हात धुवायला सिंकपाशी गेलीस तेव्हा तो शेजारी घर्रघर्र चालू होता.

हे तू मला रडून सांगितलं नाहीस. साइटवर मदतीसाठी माझा नंबर आहे, त्यावर फोन करून विचारलंस, "एखादं स्वस्तातलं मोटेल माहीत आहे का?" मी का म्हणून विचारलं तेव्हा डिशवॉशरचं बोललीस आणि हसलीस. मी गाडी काढली. वहिनी दारात उभ्या, तोंडभर हसू. "तुम्ही कशा ताई? हिला खोली लवकर मिळाली वाटतं." मी तुझी बॅग उचलली. ती डिकीत टाकली आणि गाडी सुरू केली. गाडीत मी जयभीम म्हटलं तेव्हा तू हळूच "जयभीम मावशी" म्हणालीस, आणि मी कशी आपली निघाले याचंच तुला नवल.

पुढच्या मीटिंगला मी गेले. अध्यक्षांचं बेसमेंट, चहा, बाकरवडी. वहिनींनी आधीच तक्रार केलेली.

अध्यक्ष म्हणाले, "ताई, पाहुणचारमध्ये आडनाव दिसत नाही. बग आहे का?"

"बग नाही. काढलंय."

"कशासाठी?"

"लागत नाही म्हणून."

"लागतं हो," वहिनी म्हणाल्या. "नाहीतर ठरवायचं कसं?"

"काय ठरवायचं?"

वहिनी बाकरवडीची ताटली नीट करायला लागल्या. मग अध्यक्ष म्हणाले, "तसलं काही मनात नाही कुणाच्या. पण घरात देवघर असतं, सासूबाई आलेल्या असतात. आधी कल्पना असलेली बरी."

"काय खाता ते विचारलंय की. व्हेज, नॉनव्हेज, सगळं आहे."

"त्यानं सगळं कळत नाही ना," ते म्हणाले आणि हसले. "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही आपल्यातल्याच."

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही, ज्याला जे हवं ते तो समजतो. मी कधी लपवलं नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण ती हल्ली सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, शोभेची म्हणून, कुंडीशेजारी.

"मी जयभीमवाली आहे," मी म्हटलं. "सांगायचं राहिलं असेल."

आणि मग काय झालं ठाऊक आहे? कुणी रागावलं नाही. "अहो, आम्ही कुठं मानतो असलं काही," असं सगळे एकदम बोलायला लागले, आणि वहिनींनी बाकरवडीची ताटली माझ्या पुढ्यात सरकवली. "घ्या ना ताई, घ्याच." इतक्या वर्षांत इतका आग्रह मला कधी झाला नव्हता. तुझ्या कागदी प्लेटपेक्षा त्या ताटलीची मला जास्त शिसारी आली. अजून बाकरवडी घशाखाली जात नाही.

मी मागणी केली, आलेल्या पोराला असं वागवलं तर त्या घराला पुढं चिठ्ठ्या जायच्या नाहीत, मी दारातच बंद करते. "बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ," म्हणाले. ती मीटिंग या रविवारी आहे. पण माझी मागणी विषयांच्या यादीत नाही. त्यात एवढंच आहे, की आडनाव परत चिठ्ठीवर घाला, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाकडे देऊ. आणि काल अध्यक्षांचा फोन. "ताई, आता ती मुलगीसुद्धा म्हणते की दिसू द्या. मी रविवारी सगळ्यांना सांगणार आहे."

त्यांनी तुला कधी फोन केला, तू काय म्हणालीस, मला माहीत नाही. तुझं म्हणणं मी मेसेजच्या पुढे जाऊन समजू शकते. आडनाव आधी दिसलं असतं तर त्यांनी तुला बोलावलंच नसतं, आणि त्या टेबलाशी तू बसली नसतीस. खरं आहे. माझ्या दारानंच तुला तिथवर पोचवलं, आणि आतलं घर काही माझ्या हातात नव्हतं.  बरेच दिवस भांडी घासताना हेच डोक्यात फिरत होतं.

पण जून आठव. जूनमध्ये तुला कुणीच नाही म्हणालं नव्हतं. कुणाचं तोंड वाकडं झालं नव्हतं, कुणाला विचारावं लागलं नव्हतं. आडनाव दिसलं, बोटानं वर सरकवलं, झालं. आणि इकडे तू समजत होतीस की लोक सुट्टीवर आहेत. वहिनींना निदान चहा पिताना तुझ्याकडे बघून विचारावं लागलं. डिशवॉशरबद्दल खोटं बोलावं लागलं. ज्याला हे विचारायचं आहे, त्यानं आपल्या तोंडानं विचारावं. त्याच्या वतीनं, आवाज न करता, माझं मशीन विचारणार नाही. ती ओळ मी टाइप करणार नाही. दुसऱ्या कुणाला करायची तर करू दे, पण मग त्या दाराला माझा हात लागायचा नाही.

एवढं झाल्यावरही तुझं तेच मत असेल, तर असू दे. तुझा हक्क आहे, जेवलीस तू त्या प्लेटमध्ये, मी नाही. पण ते मला त्या माणसाच्या तोंडून, बेसमेंटमध्ये, बाकरवडी खाता खाता ऐकायचं नाही. माझ्यासमोर बसून सांग, भांड हवं तर. दमून म्हणालीस की खरंच वाटतं, ते तुझ्या तोंडाकडे बघितलं की मला कळेल.

रविवारी तू मीटिंगला यावंस असं मी म्हणत नाही. तिथं तुला कुणापुढे उभं करायचं नाही मला. शनिवारी ये. सांबार आणून ठेवलाय, इथल्या दुकानात त्याला कोथिंबीर म्हटल्याशिवाय मिळत नाही, पुडाच्या वड्या करते. वरची खोली आवरून ठेवली आहे, हीटर चालू ठेवते. बर्फात बस-बिसच्या भानगडीत पडू नकोस, मी घ्यायला येते, फक्त किती वाजता ते कळव. आणि कळवायला मेसेज नको, फोन कर. लवकर ये गं.