पलीकडच्या काठावरची नाव

सिरोंच्याला जाण्याआधी मी दोन वर्षं मुंबईत एका बॅरिस्टरांच्या हाताखाली होतो. त्यांच्याकडे सगळे जहाजांचे तंटे यायचे. बंदरात एक जहाज दुसऱ्यावर आदळलं, खाली ठेवलेला माल भिजला, वाहत चाललेलं जहाज कुणीतरी ओढून किनाऱ्याला लावलं आणि त्याच्यावर हक्क सांगितला, असं काहीबाही. पक्षकार तावातावाने बोलायला लागला की ते हात वर करायचे आणि म्हणायचे, "आधी जहाज बघू." मग आम्ही गोदीत जायचो. कुठे सापडलं, कोणत्या अवस्थेत, त्यात कोण होतं, हे तीन प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे.

वडील आजारी पडले म्हणून मी चांद्याला परतलो. ते गेले. चांद्यात वकिलांना तोटा नव्हता, म्हणून एका वडीलधाऱ्या वकिलांनी मला सिरोंच्याला जायला सुचवलं. "तिथं कोणी टिकत नाही. तू टिकलास तर काम मिळेल," ते म्हणाले. काम मिळालं, पण बेताचंच. शेताचे बांध, गुरांचे वाद. आल्लापल्लीचं जंगल ओलांडून येणारा रस्ता पावसाळ्यात बंद व्हायचा आणि टपाल आठ-आठ दिवस अडकायचं. गावात निम्मं बोलणं तेलुगूत चालायचं, मला त्यातला एक शब्द कळत नसे. कधी सुटीला जोडून रविवार आला, तर दोन-दोन दिवस मी कुणाशी बोललेलो नसायचो. स्वयंपाक करताना मग कायद्याचं पुस्तक मोठ्याने वाचायचो, नुसता आवाज व्हावा म्हणून.

दिवाळी होऊन गेल्यावर नदीत मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी एक बाई माझ्या ओसरीवर येऊन बसली. पस्तिशीची असेल. हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू.

"साहेब, तुमी म्हने जहाजायचे वकील हाव?"

मला हसू आलं. "होतो. इथे कुठलं जहाज, बाई?"

"माही नाव हाय ना. त्या काठाले हाय. एक मानूस ते वापरून राह्यला. मले ते पायजे."

तिचा नवरा श्रावणातल्या पुरात नाव घेऊन जाळी काढायला गेला होता, तो परत आला नाही. नावही दिसली नाही. नंतर पाणी उतरलं, तेव्हा मासे विकायला पलीकडे गेलेल्या कुणीतरी ती नाव ओळखली. खाली, आमची नदी गोदावरीला मिळते त्या संगमाच्याही पुढे, गोदावरीच्या तेलंगणातल्या काठावर.

"तर मग तहसीलीत अर्ज करू," मी म्हणालो आणि लगेच थांबलो. पलीकडे दुसरं राज्य होतं. आमच्या कचेरीचा कागद नदीच्या मध्यावर संपत होता.

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "लोक म्हन्तेत, त्यानं नाव इकली अन् तिकडं दुसरं घर केलं. माहा दीर बी तसंच म्हन्ते. पोलिसात कोनी गेलं नाई. जो पळून गेला त्याले काऊन शोधाचं?"

मी तिला म्हटलं, "आधी नाव बघू."

दोन दिवसांनी आम्ही तिच्या ओळखीच्या नावाड्याबरोबर निघालो. पाणी निवळलं होतं, मधून मधून वाळूची बेटं वर आली होती. वाटभर ती पलीकडच्या काठाकडे बघत होती.

पलीकडचा माणूस म्हातारा होता. एकटाच राहायचा, काठावर कुडाची झोपडी, बाहेर वाळत घातलेलं जाळं. नाव वाळूत ओढून ठेवलेली होती. त्याला मराठी येत नव्हती आणि मला तेलुगू. नावाडी आपल्या होडीपाशीच थांबला होता, म्हणून दुभाष्याचं काम तिलाच करावं लागलं; तिला दोन्ही भाषा येत होत्या. माझी पक्षकार, आणि तीच माझी जीभ. मुंबईत हे चाललं नसतं.

मी नाव नीट पाहिली. सगळ्या फळ्या सागाच्या आणि जुन्या होत्या. पुढच्या टोकाशी डाव्या बाजूला तीन फळ्या मात्र नव्या, दुसऱ्याच लाकडाच्या. त्या नव्या फळ्यांच्या कडेला जुनं लाकूड आतल्या बाजूला चेपलेलं होतं. बाहेरून काहीतरी जोराने आदळलं होतं. पुरात जंगलातले तोडलेले ओंडके वाहत येतात, तसा एखादा असावा. विकलेल्या नावेची ही खूण नव्हती.

हे मी तिला सांगितलं. ती फळीवर हात ठेवून उभी राहिली. "म्हंजे इकली नाई?"

"नाही. पुरात फुटली."

मग मी म्हाताऱ्याकडे वळलो. नाव कुठे सापडली? तिने विचारलं, त्याने खालच्या वळणाकडे हात केला. झाडाच्या मुळांत अडकली होती, तिने सांगितलं. कोणत्या अवस्थेत? पाण्याने भरलेली, टोक फुटलेलं. त्याला ती ओढून काढायला चार दिवस लागले.

"आता विचारा, नावेत कोणी होतं का?"

प्रश्न तोंडातून गेल्यावर मला कळलं, तो मी कुणाच्या तोंडून विचारायला लावतोय. पण तिने विचारला होता.

म्हातारा खाली बसला आणि हलक्या आवाजात सांगू लागला. मध्ये एकदा त्याने आपल्या पायांभोवती हाताने काहीतरी गुंडाळल्यासारखं करून दाखवलं. ती ऐकत राहिली. तिने मला काही सांगितलं नाही. त्या दोघांमध्ये मी हातात कागद घेऊन उभा होतो, आणि तिथे माझं काही काम उरलं नव्हतं.

म्हातारा उठून चालू लागला, ती त्याच्या मागे, मी तिच्या मागे. वळणावर करंजाच्या झाडाखाली दगड रचलेले होते, कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून, अगदी निगुतीने. ती तिथे बसली. तिने एका दगडावर आपले दोन्ही हात आपटून चुडा फोडला. रडली मात्र नाही. म्हातारा पाठ करून नदीकडे बघत होता.

उठल्यावर ती मला म्हणाली, "जाळ्यात पाय गुतले होते. यानंच माती देल्ली. दोन्हीकडच्या पोलिसायले भेते हा. म्हन्तीन, नावेसाठी मारलं. साहेब, हे लिवू नका."

कायद्याने मला ते कळवायला हवं होतं. मी झाडाखाली बसून करार लिहिला. नाव तिच्या नवऱ्याची असल्याचं म्हाताऱ्याने कबूल केलं. त्याने ती वाचवली, दुरुस्त केली, म्हणून होळीपर्यंत त्याने वापरावी, मग परत करावी. ही अट तिनेच घातली. सापडण्याबद्दल मी एवढंच लिहिलं की नाव पुरात वाहत येऊन झाडाला अडकली होती. दोघांनी अंगठे दिले.

होळीच्या आठ दिवस आधीच म्हातारा नाव घेऊन आला, काठाला बांधून पायीच परत निघाला, उथळ पाण्यातून, धोतर खोचून. मी कचेरीच्या वाटेवरून त्याला पाहिलं. हाक मारावीशी वाटली, पण कोणत्या भाषेत मारणार?

त्या बाईने गावात काय सांगितलं मला ठाऊक नाही. पण दिराने भावाची तेरवी केली, आणि दुसऱ्या घराची गोष्ट बोलायची लोकांनी बंद केली. मला तेरवीचं बोलावणं नव्हतं. ती नंतर आठवडी बाजारात दिसायची, टोपलीपुढे बसलेली. मी मासे खात नव्हतो, म्हणून तिच्यापाशी थांबायला मला काही निमित्त नव्हतं. नजर भेटली की ती जराशी मान हलवायची आणि गिऱ्हाइकाकडे वळायची. त्या गावात मी आणखी दीड वर्ष राहिलो. जिला माझ्याबद्दल काही ठाऊक होतं, आणि जिच्याबद्दल मला, अशी ती एकटीच होती. आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.