पडलेल्यांचे केळकरकाका

केळकरकाका हॅट काढत ती फक्त कुंपणासमोर. माणसांसमोर कधीच नाही. घोडे उंच कुंपणांवरून उड्या मारत धावतात, त्या इंग्लंडातल्या जगप्रसिद्ध रेसकोर्सवर शर्यतीच्या सकाळी ते नवख्या पाहुण्यांना फिरवत. प्रत्येक कुंपणाशी थांबायचं, हॅट छातीशी धरायची आणि तिथे पडलेल्या घोड्यांची नावं घ्यायची. कोण जिंकलं असं विचारलं की वैतागत. "जिंकलेल्यांचे पुतळे आहेत रे. पडलेल्यांना मीच आहे."

काका मूळचे सांगलीचे, लेस्टरच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेले भूलतज्ज्ञ. "आयुष्यभर माणसं आडवी केली, आता आडव्या झालेल्यांची सेवा!" कोटावरचा गाइडचा बिल्ला त्यांना पद्मश्रीहून प्यारा होता. तो मी जवळजवळ घालवलाच.

मी जोशी, पुण्याहून नुकताच आलेलो. बायको म्हणाली, "एवढ्या मोठ्या जागी पहिल्यांदा जातोयस, नारळ तरी ने." नेला. तिसरं कुंपण म्हणजे हिरव्या फांद्यांची भिंत, पुढ्यात खंदक, खंदकाच्या कडेला जाड लाकूड. काका डोळे मिटून नावं घेत होते. मला वाटलं, हाच मुहूर्त. "मोरया!" म्हणून नारळ लाकडावर हाणला. तो फुटला नाही. चेंडूसारखा उसळून फांद्यांत गडप झाला.

काकांनी डोळे उघडले. "काय होतं ते?"

"नारळ."

"कुठंय?"

"आत."

"अरे गाढवा, दुपारी इथून घोडे उडणार! एखाद्याच्या पायाखाली आला म्हणजे? बिल्ला तर जाईलच, पण मी तोंड कुठे दाखवू?"

तेवढ्यात लांबून हिरव्या कोटातले एक इंग्रज अधिकारी येताना दिसले. मी कुंपणात सूर मारला. कमरेपर्यंत फांद्यांत, पाय आभाळात. नारळ हाताला लागला आणि मी नि नारळ, दोघे जोडीनं खंदकात उतरलो.

"डॉक्टर," साहेबाची नजर बिल्ल्यावर, "व्हॉट इज दॅट मॅन डुइंग?"

काकांनी शांतपणे हॅट काढली आणि पडलेल्या घोड्याची खबर द्यावी तशा सुरात म्हणाले, "फॉलर अ‍ॅट द थर्ड, सर. कोकोनट अनहर्ट."

साहेबाच्या मिशा थरथरल्या. खंदकात डोकावून त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. "कॅरी ऑन, डॉक्टर."

काकांनी नारळ जप्त केला आणि पुढची सगळी कुंपणं तो काखेत धरून फिरले. शेवटी कार पार्कमध्ये त्यांनीच नारळ दगडी कडेवर आपटला, एका फटक्यात दोन शकलं. मोठं मला दिलं. "नारळ शेवटी फोडावा रे. सुरुवातीला काय, सगळेच उभे असतात."

पुढे काका वारले. यंदा मी पुन्हा गेलो. नवी गाइड, काकांनीच तयार केलेली लाल गालांची एक उंच बाई, तिसऱ्या कुंपणाशी थांबली. टोपी छातीशी धरून नावं घेऊ लागली. मी घोळक्याच्या मागे उभा होतो. सगळ्या घोड्यांनंतर ती म्हणाली, "अँड जोशी, फ्रॉम पुणे."

शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "गुड हॉर्स?"

"टेरिबल," ती म्हणाली. "बट ही गॉट अप."

मी गुपचूप टोपी काढली.