चुकीचा आवाज

शाळेत मराठी शिकवता शिकवता मी शुद्ध बोलण्याचा ऑनलाइन कोर्स तयार केला. एकदा रेकॉर्ड केला की वर्षानुवर्षं आपोआप विकला जातो, हेच मला त्यात आवडलं होतं. आम्ही कोकणातले, नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे सिल्वासात, डोकमर्डीला राहतो. शेजारी धुळ्याकडची एक बाई राहायची. जवळच्या गलोंडा गावातल्या एका कंपनीत पॅकिंगला होती.

मला चुकीचं बोलणारा आवाज हवा होता. तिला चहाला बोलावलं आणि मोबाइल पुढे ठेवला.

"ताई, मना आवाज कशाला?"

"मुलांना ऐकवायचाय. तुझ्यासारखं इथे कोणी बोलत नाही."

ते खोटं नव्हतं. फोटो निघणार असल्यासारखा पदर नीट करून ती बसली. "बाजारात गेली व्हती, पन भाजी भेटली नई," इथून सुरू झाली आणि बोलता बोलता वडिलांच्या शेवटच्या दिवसांवर आली. ते मी थांबवलं नाही. रडताना तिचे उच्चार जास्तच बिघडत होते.

प्रत्येक धड्यात आधी ती, मग चूक दाखवणारा ‘टुंग’ आवाज, मग मी. कोर्स छान चालला. तिला मी एक साडी दिली.

पुढे कंपनीत तिच्याच लाइनवर काम करणाऱ्या एकीने मुलीसाठी माझा कोर्स विकत घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवला. तेव्हापासून माझ्या शेजारणीने तोंड उघडलं की मागून कोणीतरी ‘टुंग’ करायचं.

ती माझ्या दारात आली. भांडली नाही.

"ताई, बाकीचं राहू द्या. पन बापाचं तेवढं काढून टाका."

"पन नाही, पण," मी म्हणाले. सवयीने.

मी घाईघाईने "बघते" म्हटलं आणि दार लावलं.

नवरा म्हणाला, "काढ की. दोन मिनिटांचं काम आहे."

पण नमुना म्हणून फुकट दाखवायला मी नेमका तोच धडा ठेवला होता. तो ऐकूनच लोक कोर्स घ्यायचे. मी काढला नाही. आजही तो तिथेच आहे.

काही महिन्यांनी तिचं कुटुंब सिल्वासातच, आमलीला राहायला गेलं. सामान टेम्पोत चढलं तेव्हा मी खाली उतरले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. "बैठो जल्दी," ती आपल्या मुलांना म्हणाली. घरातसुद्धा ती आता त्यांच्याशी हिंदीतच बोलायची.