सत्तर सेकंदांची कळी

चुनखडी भट्टीत नीट भाजली की तिच्यातला वायू उडून जातो आणि दगडाचं वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. उरतो तो कळीचा चुना. रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते. देवीदास ताकसांडे यांनी ते पुस्तक पाहिलेलं नव्हतं. वणीजवळच्या राजूरला चुनाभट्टीवर त्यांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. ढेकूळ हातात घेतलं की आत कच्चा दगड राहिलाय का, हे ते वजनावरून सांगत. शंका असली तर पाणी.

पाण्याची परीक्षा सोपी. घमेल्यात ढेकूळ ठेवायचं, पाणी ओतायचं आणि मोजायचं. चांगली कळी तापते, फुसफुसते, तडकते आणि फुलून तिचं पीठ होतं. कच्ची नुसती भिजते. फाजील भाजलेली रुसून बसते. मोजण्यासाठी वडील रामनाम घेत. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर देवीदासांनी त्या जागी त्रिशरण आणलं. त्रिशरण संपायच्या आत कळी फुटली पाहिजे. चुन्यानं या बदलाची दखल घेतली नाही. तो पूर्वीसारखाच फुटत राहिला.

एकोणसाठ साली ते बायको सत्यशीला आणि चुलतभाऊ गुलाब यांना घेऊन भिलाईला आले आणि पोलाद कारखान्यात एका ठेकेदाराकडे वॅगनमधून चुना उतरवायला लागले. गुलाबला त्यांनीच ठेकेदारापुढे उभं केलं होतं. पोलादाच्या भट्टीला चुना लागतो तो लोखंडातला फॉस्फरस ओढून स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, न्यायला. तो आत राहिला तर रूळ थंडीत ठिसूळ होतो. म्हणजे देशाचे रूळ कळीवर अवलंबून होते, आणि कळी ओळखणारा माणूस रोजंदारीवर होता.

यार्डाच्या ऑफिसात देवराव उमाळकर हे क्लार्क होते. वर्ध्याचे, सेक्टर दोनमध्ये क्वार्टर. एकसष्टच्या मे महिन्यात त्यांनी देवीदासांना घमेल्यापुढे पुटपुटताना पाहिलं.

“काय करून राहिला रे?”

“कळी पायतो, साहेब. या वॅगनीत अर्धी कच्ची हाय.”

प्रयोगशाळेचा निकाल दुसऱ्या दिवशी आला. अर्धी कच्ची होती.

तेव्हापासून देवराव रोज येऊ लागले. “परमुलखात आपला माणूस भेटणं म्हणजे भाग्य,” असं ते म्हणत. चुना तपासणाऱ्याची एक पर्मनंट जागा निघणार आहे, पगार, क्वार्टर, सगळं. फक्त पद्धत कागदावर पाहिजे. “तू दाखव, मी इंग्रजीत लिहितो. अर्जही मीच लिहितो.” देवीदास त्रिशरण म्हणत आणि देवराव घड्याळ धरत. सत्तर सेकंद भरले.

सत्यशीलानं एवढंच विचारलं, “अर्जावर सही कोणाची घेतली?”

“अजून नाई घेतली. घेतीन ना.”

ऑगस्टमध्ये जागा भरली. भरली ती देवरावांच्या मेहुण्यानं. तो मॅट्रिक होता, आणि अर्जावर सही त्याची होती. पद्धतीच्या कागदाखाली नाव देवरावांचं होतं. पहिल्या दिवशी मेहुण्यानं देवीदासांना हाक मारली ती पाण्याच्या बादलीसाठी.

“असं कावून केलं, साहेब?” देवीदासांनी विचारलं.

“अरे, शिक्षणाची अट आहे. माझ्या हातात काय? पुढच्या यादीत बघू.” ठेकेदाराचे लोडर पर्मनंट करायच्या यादीत कोणाची नावं सुचवायची, ते देवराव ठरवत. त्यामुळे यार्डात त्यांच्याशी कोणी वाद घालत नसे.

जानेवारीत गारठा पडला आणि चांगल्या वॅगनी नापास होऊ लागल्या. मेहुणा घड्याळ घेऊन बसे, सत्तर सेकंद होत, कळी हलत नसे. चुना यार्डात पडून राही, हवेतला ओलावा पिई आणि खरोखरच वाया जाई. पाचव्या दिवशी मोठे इंजिनिअर स्वतः आले. त्यांना मराठी कळत नव्हती. देवरावांना थंडीतही घाम फुटला होता.

देवीदास सकाळपासून ते ढीग पाहत होते. तोंड बंद ठेवायचं असं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. पण चांगली कळी डोळ्यांदेखत मरताना पाहणं हे राजूरच्या माणसाला जमण्यासारखं नव्हतं. ते पुढे झाले.

“साहब, माल अच्छा है. पानी ठंडा है. ठंडी में डबल गिनना पड़ता है, नहीं तो पानी कोमट करना.”

कोमट पाणी आलं. नापास वॅगनीतलं ढेकूळ घमेल्यात ठेवलं आणि मिनिटाच्या आत फुटलं. ही गोष्ट कागदात नव्हती, कारण मे महिन्यात थंडीबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

इंजिनिअर खूश झाले. “ये टेस्ट असल में किसका है?”

“मेरा ही है, सर,” देवराव म्हणाले. “ये आदमी पानी भरता था.”

देवीदासांनी मागे वळून पाहिलं. सहा लोडर उभे होते. “गुलाब, सांग ना बे साहेबाले. राजूरले तू बी होता. आपल्या बाबाची हाय का नाई ही परीक्षा?”

गुलाबनं देवरावांकडे पाहिलं, मग घमेल्याकडे.

“मले काय मालूम, भाऊ,” तो म्हणाला. “मी तं नुसते पाट्या टाकतो.”

इंजिनिअरनी देवरावांची पाठ थोपटली आणि ते गेले.

संध्याकाळी गुलाब नेहमीसारखा जेवायला आला; तो यांच्याकडेच जेवत असे. “भाऊ, यादी निंगून राहिली. तुमचं तं होतच नव्हतं. माझं तं होऊ द्या.”

सत्यशीलानं देवीदासांना विचारलं, “भाकर वाढू का याले?”

“वाढ.”

मार्चच्या यादीत गुलाबचं नाव होतं. पद्धतीच्या कागदात ‘कोमट पाणी’ हे शब्द वाढले, सही तीच राहिली. देवीदास आणखी अकरा वर्षं ठेकेदाराकडे चुना उतरवत होते. वॅगन उघडली की ढेकूळ हातात घेऊन तोलायची सवय मात्र त्यांनी त्या मार्चमध्येच सोडली. फावड्याला जे लागेल ते उचलत. कच्चं, पक्कं, त्यांनी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.