ताप झाकणारी गोळी

जुम्म्याच्या नमाजनंतर बेल वाजली, तेव्हा मी दारावर चिकटवलेला कागद जागेवरच होता. "रुग्णाच्या रक्तात सध्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी उरलेल्या नाहीत. भेटायला येऊ नका. तुमची भेट त्यांना मारू शकते." शेवटचं वाक्य अम्मीला बोचलं होतं. आपल्या माणसांना असं कुणी लिहितं का, म्हणाली. खरं असेल तर लिहावं, हे मला अब्बांनीच शिकवलं होतं. इथे सौदीत, कतीफच्या मासळी बाजारात कामाला येण्याआधी ते रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मुलींच्या शाळेसाठी पत्रकं काढायचे. मराठी वाचायला मी शिकले ती त्या पत्रकांवर.

अब्बांना रक्ताचा कॅन्सर होता. त्यात गाठ नसते, कापून काढण्यासारखं काही नसतं. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त तयार होतं. तिथे कच्च्या, निकामी पेशींची इतकी गर्दी होते की चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. पहिल्या केमोने ती गर्दी हटली. लपून राहिलेल्या पेशी पुन्हा वाढू नयेत म्हणून हा पुढचा डोस दिला होता. केमो चांगल्या-वाईटात फरक करत नाही. त्यामुळे डोसनंतर काही दिवस शरीराचा पहारा उठलेला असतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: या दिवसांत जंतू शिरला तर ना पू होईल, ना सूज. ताप तेवढा येईल. तो आला की तडक हॉस्पिटल गाठायचं. आणि मनाने पॅनाडॉल घ्यायची नाही; तिने ताप उतरतो, जंतू तिथेच राहतो.

इथे आमच्याकडे डोकं दुखलं, अंग मोडून आलं, पगार लांबला, सगळ्याला पॅनाडॉल.

दारात चाचा उभे होते. सख्खे नव्हेत, गावच्या जमातीचे इथले वडीलधारे. मागे आणखी दोघं, एकाच्या हातात सुरमईच्या सालनाचं पातेलं. मी वाट अडवली. आजाऱ्याची अयादत करणं, त्याला भेटून विचारपूस करणं, ही पैगंबरांची सुन्नत आहे, हे चाचांनी मला शांतपणे सांगितलं. आतून अम्मी म्हणाली की साथीच्या गावात जाऊ नये, हेही पैगंबरांनी सांगितलेलंच आहे. चाचा हसले. "घरात दोन-दोन मौलाना झालेत. आम्ही निघावं म्हणता?"

तेवढ्यात अब्बांचा आवाज आला. "यल्ला, आत घे त्यांना. मी बसलोय."

खरंच बसले होते. इस्त्रीचा शर्ट, टोपी, पुढ्यात खजूर. मला खुन्नस देत त्यांनी स्वतःच काखेत थर्मामीटर लावलं आणि सगळ्यांना दाखवलं. ताप नव्हता. चाचा दारापाशीच खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बघ, तुझी ही थानेदार पोरगी उगाच डरवते आम्हाला." सगळे हसले. मी हसले नाही. एसी जोरात चालू होता आणि अब्बांच्या कपाळावर, मिशीवर घाम डवरला होता. गाव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, फिंजान उचलताना तो बशीवर वाजला. सकाळी ते थंडी वाजते म्हणून दोन चादरी घेऊन झोपले होते, आणि अम्मीने ते एसीवर ढकललं होतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "अब्बा, पॅनाडॉल घेतलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चाचांकडे पाहिलं.

"जुम्म्याला चार माणसं येणारच," ते म्हणाले. "त्यांच्यापुढे काय आडवा पडून राहू?"

मला ओरडायचं होतं, पण वेळ नव्हता. गोळी कधी घेतली, एवढंच विचारलं. नमाजआधी. म्हणजे तापाने सकाळीच वर्दी दिली होती आणि घरात खजूर मांडले जात होते. चाचा उठले ते थेट जिन्याकडे. "गाडी खाली लावतो. मागची सीट त्याला एकट्याला सोडा, हे दोघं टॅक्सीने येतील."

गाडीत अब्बांचे दात वाजू लागले. इमर्जन्सीच्या काउंटरवर मी अब्बांचा इकामा, इथला राहण्याचा परवाना, पुढे केला आणि आधी एवढंच सांगितलं: केमो झालाय, ताप होता, गोळीने झाकलाय. नर्सने पुढचं ऐकून घेतलंच नाही, व्हीलचेअर ओढली. तपासणीसाठी रक्त घेतलं, आणि रिपोर्टची वाट न पाहता सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. तोवर रक्तदाब घसरला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते."

पाहुणचारापायी माणूस मरणाच्या दारात जातो आणि आम्ही त्याला अदब म्हणतो. या अदबीचा मला तेव्हा राग होता, आजही आहे.

ताप उतरला, या वेळी औषधाने. अब्बा वेगळ्या खोलीत होते, मी काचेबाहेर. त्यांनी फोन केला आणि गावच्या ग्रुपवर टाकायला मजकूर सांगू लागले. "लिही. ताप होता, मी गोळी घेऊन लपवला. पाहुण्यांची चूक नाही. पण माझ्या पेशी परत येईपर्यंत कुणी येऊ नये."

मी लिहून वाचून दाखवलं.

"दारावरचं ते शेवटचं वाक्य?" त्यांनी विचारलं.

"अम्मी काढा म्हणते."

"ठेव," ते म्हणाले. "यातही घाल."

सकाळच्या रिपोर्टात पेशी अजून वाढल्या नव्हत्या. मी वाक्य घातलं आणि मेसेज पाठवला.