बांधीतल्या पट्टेवाल्या मासोळ्या

मी मासोळ्यांच्या मेंदूवर काम करते, असं आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "त्याईले मेंदू रायते?"

"राहतो ना."

"मंग जाळ्यात कायले येतेत?"

इतकी वर्षं झाली, परिषदांमध्ये मोठमोठ्या लोकांनी मला नाना प्रश्न विचारले, पण इतक्या सरळ कोणी विचारलं नाही. तेव्हा मी नुसती हसत सुटले. मला हसू लवकर येतं आणि उशिरा थांबतं. या सवयीने मला शाळेत बाकावर उभं केलं आहे. पण माझ्या कामातही मी या हसण्यामुळेच पडले, म्हणून ती हकिगत आधी सांगते.

आमचं गाव अर्जुनी मोरगावपासून जवळ. गोंदियाला बी.एस्सी. केलं. वर्गात मराठी आणि हॉस्टेलवर हिंदी, त्यामुळे घरी गेलं की माझ्या तोंडून "अच्छा" निघायचं आणि सगळे मला चिडवायचे. मग नागपूर, आणि तिथून पीएच.डी.साठी बंगळूर. प्रयोगशाळेतल्या पहिल्या आठवड्यात माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. काचेच्या बशीत मासोळीची काही दिवसांची पिल्लं होती. पापणीच्या केसाएवढी, आणि इतकी आरपार की त्यांचा मेंदू, डोळे, पोटातला पिवळा बलक सगळं बाहेरून दिसत होतं.

"बघत राहा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी बशीच्या कडेला टिचकी मारली.

पिल्लं अशी वाकली की शेपटी डोक्याला लागेल, आणि सटकन बाजूला पळाली. पापणी लवायच्याही आत. मी "आई गं!" म्हणून खुर्चीत मागे सरकले. मॅडमनी पुन्हा टिचकी मारली, पुन्हा तेच. पण त्या मारतच राहिल्या, तेव्हा हळूहळू पिल्लांनी पळणं सोडलं. एक-दोघांनी नुसती शेपटी हलवली. मग तेही नाही.

"काय झालं त्यांना?" मी घाबरून विचारलं. "मेली का?"

"शिकली," मॅडम म्हणाल्या. "या आवाजात धोका नाही, हे शिकली. आता यांच्यात कोणतं जनुक हे शिकवतं, ते तू शोधायचं."

मला इतका आनंद झाला की मी हसायला लागले आणि हसणं थांबेना. एवढासा जीव, ज्याला अजून धड तोंडही उघडता येत नाही, तो शिकतो! मॅडम घाबरल्या असाव्यात. पण त्यांनी मला काढून टाकलं नाही, आणि मी पुढे काही वर्षं त्याच टेबलावर टिचक्या मारत बसले.

तिथल्या एका काचपेटीत एका विशिष्ट घराण्याच्या मासोळ्या होत्या. त्यांच्या एका जनुकात बिघाड होता. त्यांच्या पिल्लांना टिचकीची सवय होतच नसे. कितीही वेळा मारा, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी पळत. अशा प्रत्येक घराण्याला नाव द्यायची पद्धत असते. मी त्याचं नाव ठेवलं 'दचकी'. पुढे परदेशातल्या एका परिषदेत एक पांढऱ्या केसांचे, अतिशय गंभीर शास्त्रज्ञ भर मंचावरून "डाचाकी, डाचाकी" असं म्हणत राहिले. मी इतकी हसले की शेजारच्या बाईंनी मला प्यायला पाणी दिलं.

नंतर पुण्यात माझी स्वतःची प्रयोगशाळा झाली. काचपेट्यांच्या रांगा आल्या, विद्यार्थी आले, दचकीही आली. पण आमच्या सगळ्या पट्टेवाल्या मासोळ्या परदेशातून आणलेल्या घराण्यांच्या होत्या. पिढ्यान् पिढ्या काचेत वाढलेल्या. पाणी गाळलेलं, खाणं वेळेवर. त्यांच्या आज्या-पणज्यांनीही कधी बगळा पाहिला नव्हता. ही जात मुळात भारतातल्या ओढ्यांत आणि भाताच्या शेतांत राहते, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि विद्यार्थ्यांना शिकवतही होते. पण भारत म्हणजे बंगाल, बिहार, असं मी धरून चालले होते. स्वतःच्या गावाचा विचार शास्त्रज्ञाला सहसा सुचत नाही.

काही वर्षांपूर्वी मी पोळ्याला घरी गेले होते. पोळा होऊन गेला होता, बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, धान गुडघ्याएवढं झालं होतं. सकाळी मी ओसरीवर चहा घेत होते, तेवढ्यात वहिनी शेतावरून आली. ही माझ्या मोठ्या भावाची बायको. माझ्याहून वर्षाने लहान आणि हसण्याच्या बाबतीत माझ्याइतकीच बिघडलेली. बांधीचं पाणी जिथून खाली उतरतं तिथे तिने रात्री जाळी लावून ठेवली होती. त्यात अडकलेल्या बारक्या मासोळ्या तिने आणल्या आणि परातीत पाणी घालून ओतल्या.

मी सहज वाकून पाहिलं. आणि माझा कप हातातून निसटला.

परातीत निळ्या पट्ट्यांच्या मासोळ्या फिरत होत्या. डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे, रेषा मारल्यासारखे पट्टे.

"थांब! हात लावू नको!" मी ओरडले.

वहिनी एकदम मागे सरली. "काऊन वो? साप हाये का?"

"वहिनी, या माझ्या मासोळ्या आहेत!"

"तुया कशा? मी आणल्या ना!"

"अगं, या मी पुण्याला ठेवते. माझा सगळा संशोधनाचा संसार या मासोळ्यांवर आहे. आम्ही या परदेशातून, विमानाने आणवतो."

वहिनीने परातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडावर घेऊन खाली बसली. "विमानात! आमी त्याईले चटणी लावून खातो, न् तुमी विमानात बसवता!" मग माझंही सुटलं. आई आतून आली तेव्हा आम्ही दोघी परातीच्या दोन बाजूंना बसून डोळे पुसत होतो.

मला आणखी हव्या होत्या, आणि तेव्हाच हव्या होत्या. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, एक बादली आणि माझी ओढणी घेऊन आम्ही निघालो. बांधीत उतरताक्षणी माझी चप्पल चिखलात गेली ती गेलीच. शेजारच्या बांधीत बाया निंदण करत होत्या. त्यांतली एक ताठ उभी राहून म्हणाली, "काय करून राहिली वो तुयी नणंद?"

"मासोळ्या पकडून राहिली," वहिनी म्हणाली.

"काऊन? नोकरी गेली का तिची?"

यावर वहिनी हसत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावरच, बसली. तिच्या हातून मच्छरदाणीचं टोक सुटलं आणि पकडलेल्या सगळ्या पळून गेल्या. आम्ही पुन्हा सुरुवात केली. वहिनीला पट्ट्याची प्रत्येक मासोळी सारखीच वाटे, त्यामुळे तिने मोठ्या अभिमानाने आणलेल्यांपैकी निम्म्या भलत्याच जातीच्या निघाल्या. त्या मी परत सोडत होते आणि ती "अवो, जेवणाच्या होत्या त्या!" म्हणून ओरडत होती.

मग मला वाटलं, बांधीच्या वरच्या बोडीतही पाहावं. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. काठाला पाय ठेवला आणि सरळ गळ्यापर्यंत पाण्यात गेले. वहिनीने माझी वेणी धरून मला ओढलं.

"पोहता येत नाई का तुले?"

"नाही येत!"

"मासोळ्यायची डॉक्टर, न् पोहता येत नाई!" ही बातमी आम्ही घरी पोचायच्या आधी गावभर झाली होती.

बादलीत मासोळ्या होत्या, पण मला अंडीही पाहायची होती. या मासोळ्या उजाडताना अंडी घालतात आणि लगेच स्वतःच खातात. म्हणून प्रयोगशाळेत त्यांना जाळीच्या तळाच्या डब्यात ठेवतात. अंडी जाळीतून खाली पडतात आणि वाचतात. घरी असा डबा कुठून आणायचा? स्वयंपाकघरात आईची तांदूळ चाळायची चाळणी होती. मी ती टबात बसवली, वर चार-पाच मासोळ्या सोडल्या आणि झाकण ठेवलं. आईने झाकण उचलून पाहिलं. मग म्हणाली, "नवी आणून देजो. हे आता चुलीपाशी येणार नाई."

सकाळी झाकण काढलं. टबाच्या तळाला अंडी होती. साबुदाण्याहून लहान, आणि काचेच्या मण्यांसारखी स्वच्छ. मी इतक्या जोरात ओरडले की भाऊ दात घासता घासता धावत आला.

माझ्या पर्समध्ये नेहमी एक लहानसं, पण चांगलं भिंग असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत अंडी घेऊन मी आईला ओसरीच्या उजेडात बसवलं. आत पिल्लू गुंडाळून बसलं होतं. डोळे मिटल्यासारखे, शेपटी अंगाभोवती. आईने भिंग डोळ्याला लावलं. बशी हळूच उजेडाकडे सरकवली.

"काही दिसतं का?"

"दिसते. पर... " आणि मग तिचा आवाज एकदम वर गेला. "हालते वो! हालते! लाथ मारली!"

शेपटीने झटका दिला होता. पिल्लाची आयुष्यातली पहिली हालचाल. ती मेंदूच्या सांगण्यावरून नसते, पाठीच्या कण्यातूनच आपोआप येते. हे मी आईला समजावून सांगू लागले, पण तिचं लक्ष नव्हतं. ती शेजारणीला हाक मारत होती. थोड्या वेळात अंगणात रांग लागली. पोळ्याच्या उरलेल्या करंज्या फिरल्या. प्रत्येक जण भिंगातून पाही, ओरडे, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राही. एका शेजाऱ्याने तर आपली पाळी आली की आधी अंड्याला हात जोडले. त्याच्या पुढच्या दिवशी पिल्लांची काळजं धडधडताना दिसू लागली, तेव्हा आमच्या घरी दुपारचा स्वयंपाकच झाला नाही.

त्या मासोळ्या मला तेव्हा नेता आल्या नाहीत. असे रानातले जीव प्रयोगशाळेत न्यायचे तर परवानग्या लागतात. मी त्यांना पिल्लांसकट बांधीत सोडलं आणि पुढच्या वर्षी त्याच दिवसांत सगळे कागद घेऊन परत आले. सोबत माझी एक विद्यार्थिनी आणि प्राणवायू भरायच्या पिशव्या. या वेळी वहिनीने अचूक मासोळ्या वेचल्या. गाडीत पिशव्या तापू नयेत म्हणून कोहमाऱ्याला एका ढाब्यावर आम्ही सावलीत थांबलो आणि पिशव्या टेबलावर मांडल्या. ढाबेवाला आला, त्याने एक पिशवी उजेडात धरली आणि म्हणाला, "मैडम, इसमें क्या फ्राय होगा? इतनी सी तो है!" विद्यार्थिनीने त्याला जनुकशास्त्र समजावायचा प्रयत्न केला. त्याने ऐकून घेतलं आणि आम्हाला पनीर खायचा सल्ला दिला.

पुण्यात काय झालं? पहिल्याच टिचकीला बांधीतल्यांची पिल्लं अशी उसळली की विद्यार्थिनीने खुर्ची मागे घेतली. काचेतल्यांच्या दुप्पट घाबरट! पण शिकायलाही तयार. आम्ही त्यांची दचकीशी सोयरीक लावली. पुढे नातवंडं झाली, आणि त्यांच्यात काही पिल्लं अशी निघाली की दचकीचं बिघडलेलं जनुक त्यांना आई-बाप दोघांकडून आलं होतं, तरी ती टिचकीला सरावत होती. असं व्हायला नको होतं. मी विद्यार्थिनीला म्हणाले, "पुन्हा करून बघ." तिने पुन्हा केलं. "दुसऱ्या कोणाला करू दे." दुसऱ्यानेही केलं, आणि उत्तर तेच आलं. आमच्या बांधीतल्या मासोळ्यांकडे दुसरं एखादं जनुक होतं, जे पहिल्याची उणीव भरून काढत होतं! मी आणि माझी विद्यार्थिनी प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात हात धरून गोल गोल नाचलो. संचालक समोरून येत होते. ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आमची फेरी पूर्ण होऊ दिली. ते जनुक नेमकं कोणतं, याच्या आता आम्ही अगदी जवळ पोचलो आहोत.

गेल्या हिवाळ्यात आई आणि वहिनी गोंदियाहून रेल्वेने पुण्याला आल्या. मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. वहिनी काचपेट्यांच्या रांगांमधून लग्नघरातल्यासारखी फिरली.

"आपल्या कोणत्या?"

मी दाखवल्या. ती काचेला नाक लावून म्हणाली, "काय वो पोट्ट्याहो, जेवले का?" माझे विद्यार्थी तिच्यामागे गोळा झाले आणि त्यांनी तिला खाणं टाकायला दिलं.

आई दमली होती. मी तिला सूक्ष्मदर्शकापुढच्या फिरत्या खुर्चीत बसवलं. तिने पाय उचलले आणि खुर्ची आपोआप थोडी वळली. आईने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, "आजी, फिरवू?" आणि उत्तराची वाट न पाहता खुर्ची फिरवली. सत्तरीची माझी आई, डोक्यावरचा पदर उडतोय, "थांबव वो पोरी, थांबव!" म्हणून ओरडतेय. खुर्ची थांबली. आईने डोळे उघडले, पदर सारखा केला, दम घेतला.

"आता उलटी फिरव," ती म्हणाली.